एका रांगेतली माणसे

पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. चित्राचे, त्यातही शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या तक्त्याचे परीक्षण सहसा कोणी लिहीत नाही. आज आम्ही ते लिहिणार आहोत. धड्यातला उतारा परीक्षा झाली की मुले विसरतात. भिंतीवरचा तक्ता मात्र वर्षानुवर्षे न बोलता शिकवत राहतो. तो नेमके काय शिकवतो हे एकदा तपासायला हवे.

चित्र तुमच्या चांगल्या ओळखीचे आहे. डावीकडे एक वाकलेला, केसाळ, माकडासारखा प्राणी. त्याच्यापुढे त्याच्याहून जरा उंच, जरा ताठ असा दुसरा. रांग उजवीकडे सरकते तशी पाठ सरळ होते, अंगावरचे केस कमी होतात, हातात दगड नाही तर काठी येते. शेवटी ताठ मानेने चालणारा आजचा माणूस. खाली शीर्षक : 'मानवाची उत्क्रांती'. प्रयोगशाळेतल्या तक्त्यावर, गाइडांच्या मुखपृष्ठावर, व्यंगचित्रांत, सगळीकडे हीच रांग.

मूळ चित्र १९६५ सालचे. अमेरिकेतल्या 'टाइम-लाइफ'च्या निसर्गविषयक ग्रंथमालेत मानवशास्त्रज्ञ एफ. क्लार्क हॉवेल यांचे 'अर्ली मॅन' हे पुस्तक निघाले. त्यात घडी उलगडून पाहायचे एक लांबलचक पान होते. त्यावर रुडॉल्फ झॅलिंगर या चित्रकाराने पंधरा आकृत्या रंगवल्या होत्या. चित्रकार मोठा कसबी. प्रत्येक आकृतीची चाल, खांदे, हातांची ठेवण पाहत राहावी अशी. इतक्या लांबच्या काळाला चेहरा देणे सोपे नव्हते. हे श्रेय आधी देऊन टाकू, मग दोषांकडे वळू.

आमच्या एका शिक्षक-शिबिरात हा तक्ता समोर ठेवून आम्ही विचारले, "यातून मुलांना काय समजते?" तीन उत्तरे पुन्हा पुन्हा आली. पहिले : माकडापासून माणूस झाला. दुसरे : माणूस हळूहळू सुधारत गेला. तिसरे : आता उत्क्रांती पूर्ण झाली. एक बाई हसून म्हणाल्या, "मग आत्ताची माकडे माणूस का होत नाहीत, असे मुले विचारतात. आम्ही विषय बदलतो."

तिन्ही उत्तरे चुकीची आहेत. पण शिक्षकांनी चित्र चुकीचे वाचलेले नाही. चित्र हेच सांगते. म्हणून दोष चित्राचा.

रांग कोणी लावली?

मूळ पानावर आकृत्यांच्या जोडीला काळाच्या पट्ट्या होत्या. कोणता प्राणी केव्हापासून केव्हापर्यंत होता हे त्या दाखवत, आणि काही पट्ट्या एकमेकींच्या बरोबरीने चालत. सोबतच्या मजकुरात पॅरँथ्रोपस ही वंशाची पुढे न गेलेली फांदी आहे असे सांगितले होते. चार पायांवर चालणारे प्राणीही तुलनेच्या सोयीसाठी उभे दाखवले आहेत, हाही खुलासा होता. म्हणजे मजकूर झाड सांगत होता आणि चित्र रांग दाखवत होते. चित्राच्या नकला निघाल्या तेव्हा पट्ट्या गेल्या, खुलासे गेले, रांग तेवढी उरली. जीवाश्मतज्ज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९८९ सालच्या 'वंडरफुल लाइफ' या पुस्तकात अशा नकलांचे नमुनेच दिले आणि उत्क्रांतीबद्दलचा आपला गैरसमज कसा पसरतो ते दाखवले.

रांगेतला एक जण तर आपल्याकडचाच आहे : रामापिथेकस. १९३२ साली जी. एडवर्ड लुइस यांना हिमाचलातल्या हरितल्यांगर येथे शिवालिकच्या थरांत त्याच्या जबड्याचा तुकडा मिळाला. दात आणि जबड्याच्या आकारावरून तो सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा माणसाचा पूर्वज ठरला, आणि रांगेत उभा राहिला. चित्र छापून दोनच वर्षे झाली होती तेव्हा, १९६७ साली, व्हिन्सेंट सॅरिच आणि ॲलन विल्सन यांनी माणसाच्या आणि वानरांच्या रक्तातल्या एका प्रथिनाची तुलना केली. फरक इतका थोडा निघाला, की माणूस आणि चिंपांझी यांच्या वाटा फुटून फार तर ५० लाख वर्षे झाली असावीत असा त्यांचा हिशेब आला. मग त्याच्या कितीतरी आधीचा रामापिथेकस एकट्या माणसाचा पूर्वज कसा असेल? जीवाश्मतज्ज्ञांनी आधी हे मानले नाही. पुढे पाकिस्तानातल्या पोतवार पठारावर शिवापिथेकसचा चेहरा मिळाला आणि १९८२ साली डेव्हिड पिलबीम यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चेहरा ओरांगउटानच्या वळणाचा होता. रामापिथेकस हा त्या शिवापिथेकसचाच सोबती. त्याला पूर्वजपद देणाऱ्यांत पिलबीम स्वतः एक होते. त्यांनी मत बदलले. सॅरिच-विल्सन यांचा आकडा आज थोडा मागे, ६०-७० लाख वर्षांपर्यंत सरकला आहे. पण दिशा त्यांचीच बरोबर ठरली. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत आणि तक्त्यांवर मात्र रामापिथेकस अजून रांगेतच उभा आहे.

पोथीची नक्कल

रेणूंवरून वंशावळ कशी कळते? आपल्याला याची उत्तम उपमा घरातच मिळते. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हाताने उतरवत. उतरवताना चुका होत, आणि त्या पोथीवरून पुढची पोथी लिहिली की त्या चुकाही पुढे जात. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे पाठभेद फार झाले, म्हणून शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक असेल, तर त्या दोन्ही एकाच जुन्या पोथीवरून उतरल्या असण्याचा संभव मोठा. चूकच नात्याचा पुरावा होते.

डीएनए ही अशीच पोथी. चार अक्षरांत लिहिलेली, सुमारे ३०० कोटी अक्षरांची. आपल्याकडे तिच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. प्रत्येक मुलात आईवडिलांत नसलेले साठ-सत्तर नवे अक्षरबदल असतात. यालाच आपण उत्परिवर्तन म्हणतो. मोरोक्कोतल्या जेबेल इरहूद येथे मिळालेले आपल्या जातीचे जुने अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे त्यानंतर दहा हजारांच्या आसपास पिढ्या झाल्या, आणि प्रत्येक पिढीत प्रत्येक पोथीत नवे बदल पडत गेले.

यातले बहुतेक बदल ना नफा ना तोटा असे असतात, ही गोष्ट वर्गात जरूर सांगावी. मोतू किमुरा यांनी १९६८ साली हे मांडले. डीएनए बदलला म्हणजे माणूस 'सुधारला' असे नव्हे. बहुतेक वेळा फक्त अक्षर बदलले.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. आजचा चिंपांझी आपला पूर्वज नाही, चुलतभाऊ आहे. एका जुन्या पोथीपासून दोन घराण्यांत नकला सुरू झाल्या. जितका काळ आपली पोथी उतरवली गेली, तितकाच काळ त्याचीही. तो आपल्या मागे उभा नाही. दुसऱ्या वाटेने तितकाच चालून आला आहे. चिंपांझीची गुणसूत्रे ४८, आपली ४६. आपल्या घराण्यात दोन गुणसूत्रे टोकाला टोक लागून जोडली गेली आणि आपले दुसऱ्या क्रमांकाचे गुणसूत्र तयार झाले. जोडाच्या जागी जुन्या टोकांच्या खुणा अजून वाचता येतात.

निअँडरथलची जागा

झॅलिंगरच्या रांगेत निअँडरथल मानव शेवटून तिसरा आहे. त्याच्यापुढे क्रो-मॅग्नन, मग आजचा माणूस. पाहणारा म्हणणारच, की निअँडरथलचा क्रो-मॅग्नन झाला.

२०१० साली स्वान्टे पेबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निअँडरथलच्या हाडांतून त्याच्या डीएनएचा मसुदा वाचून काढला. पेबो यांना २०२२ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते याच वाटेवरच्या कामासाठी. निअँडरथल आपल्या वाटेवरचा टप्पा नव्हता. त्याची आणि आपली घराणी पाच-सहा लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती. पण गोष्ट इथे संपली नाही. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांच्या डीएनएत सुमारे २ टक्के भाग निअँडरथलकडून आला आहे, आफ्रिकेतल्या लोकांत त्याहून पुष्कळ कमी. सुमारे ४५ ते ५० हजार वर्षांपूर्वी दोन्ही घराण्यांत मुलेबाळे झाली. २०१० सालीच सायबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेतल्या बोटाच्या हाडावरून तिसरे घराणे सापडले. २०१८ साली त्याच गुहेतल्या एका हाडाच्या तुकड्याने तर कमाल केली : ते एका मुलीचे होते, तिची आई निअँडरथल आणि वडील डेनिसोव्हन.

हे रांगेत कसे दाखवणार? झाडातही नीट दाखवता येत नाही, कारण झाडाच्या फुटलेल्या फांद्या पुन्हा जुळत नाहीत. नदी वाळूत फाटे फोडते आणि पुढे त्यातले काही पुन्हा मिळतात, तसे काहीसे हे आहे.

या वारशाचे बरेवाईट परिणाम आजही आहेत. तिबेटी लोकांना उंचावरच्या विरळ हवेत राहायला मदत करणारा ईपीएएस-१ जनुकाचा प्रकार डेनिसोव्हनांकडून आल्याचे २०१४ साली दिसले. २०२० साली कोविडच्या रुग्णांच्या अभ्यासातून तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा आजार गंभीर होण्याची शक्यता वाढवतो असे आढळले. हा तुकडा निअँडरथलचा, आणि दक्षिण आशियातल्या सुमारे निम्म्या लोकांत त्याची निदान एक प्रत आहे. पुढच्याच वर्षी बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा एक निअँडरथल तुकडा थोडे संरक्षण देतो असेही कळले. अर्थात कोणाचा आजार किती वाढेल हे एका तुकड्यावर ठरत नाही. वयाचाच वाटा त्यात मोठा आहे.

शेवटच्या माणसापुढे काय?

रांगेचा सर्वांत मोठा दोष तिच्या उजव्या टोकाला आहे. तिथे कागद संपतो. म्हणून उत्क्रांती संपली असे वाटते.

दुधाचे उदाहरण घ्या. सस्तन प्राण्यांच्या पिल्लांत दुधातली साखर पचवणारे लॅक्टेज तयार होते आणि दूध सुटले की ते कमी होते. जगातल्या बहुसंख्य प्रौढ माणसांचे आजही तसेच आहे. पण काही लोकांत ते जन्मभर चालू राहते. त्याचे कारण युरोपीय लोकांत २००२ साली सापडले : लॅक्टेजच्या जनुकापासून सुमारे १४ हजार अक्षरे अलीकडे 'सी'च्या जागी 'टी' हे एक अक्षर. पूर्व आफ्रिकेतल्या गुराख्यांत जवळपासच्याच जागी, पण वेगळे बदल आहेत; म्हणजे तीच गोष्ट निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडली. भारतात मुख्यतः युरोपातलाच बदल आढळतो, वायव्येला जास्त आणि आग्नेयेकडे कमी होत जाणारा. युरोपातल्या जुन्या हाडांवरून दिसते, की हा बदल गेल्या काही हजार वर्षांतच सर्वत्र पसरला. गुरे पाळणे आधी, डीएनए नंतर. ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्यात काही 'बिघडलेले' नाही. त्यांची प्रत जुन्या पाठाची आहे, एवढेच. दही-ताक त्यांना बहुधा चालते, कारण विरजणातले जिवाणू त्या साखरेचा काही भाग आधीच संपवतात.

दुसरे उदाहरण आपल्या गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारच्या शिक्षकांना कोणी सांगायला नको : सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी 'ए'ऐवजी 'टी' आला, की प्रथिनातला सहावा दुवा बदलतो. दोन्ही प्रती तशा असल्या तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, मुलाला असह्य वेदना होतात. एकच प्रत असली तर माणूस वाहक असतो, आणि त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली हे दाखवले. म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हा बदल टिकला आणि वाढला. भारतात तो १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला.

आता हाच वर्ग डोळ्यांसमोर आणा. भिंतीवर 'सुधारत गेलेल्या' माणसांची रांग आहे. बाकावर एक सिकलसेल वाहक मुलगी बसली आहे. तिच्या रक्तात 'दोष' आहे हे तिने ऐकले आहे. लग्नाच्या वेळी अडचण येईल असेही ऐकले आहे. ती स्वतःला रांगेत कुठे उभी करील? आम्हाला हा प्रश्न चित्रकलेच्या दोषापेक्षा मोठा वाटतो. तिला सांगायला हवे, की तिच्या पूर्वजांनी मलेरियाला तोंड दिले त्याची ही खूण आहे. त्याच वेळी हेही सांगायला हवे, की जोडीदारही वाहक असेल तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि तपासणी म्हणूनच करायची. आजाराचा गौरव नको आणि वाहकाला कलंकही नको. उत्क्रांती नीट शिकवली तर दोन्ही साधते. रांग शिकवली तर साधत नाही.

रांगेतला शेवटचा पुरुष

आणखी एक गोष्ट. शेवटचा माणूस पुरुष आहे, आणि गोरा आहे. पंधरांत बाई एकही नाही. पाहणाऱ्याच्या मनात नकळत बसते, की काळ्याकडून गोऱ्याकडे जाणे हीसुद्धा प्रगतीच. डीएनए वेगळे सांगतो. त्वचा उजळ करणाऱ्या बदलांपैकी एक महत्त्वाचा, एसएलसी-२४-ए-५ या जनुकातला, २००५ साली झेब्राफिश या माशाच्या अभ्यासातून कळला. तोही एकाच अक्षराचा बदल, आणि भारतातही पुष्कळ लोकांत आहे. इंग्लंडमधल्या चेडर येथे सापडलेला सुमारे १० हजार वर्षांपूर्वीचा माणूस आपल्याच जातीचा. २०१८ साली त्याच्या डीएनएवरून त्याची त्वचा बहुधा गडद असल्याचे सांगण्यात आले. म्हणजे युरोपात गोरेपणा सर्रास झाला तो पुष्कळ उशिरा. शिवाय कोणत्याही दोन माणसांच्या डीएनएत फरक जेमतेम हजारातल्या एका अक्षराचा, आणि सर्वांत जास्त विविधता आफ्रिकेत.

उलट टोकाचा मोहही टाळायला हवा. रांग काढून तिच्या जागी 'माणूस घडवणारा जनुक' मांडायचा, हे दुसरे सोपे चित्र झाले. निअँडरथल आणि डेनिसोव्हन यांच्यात नसलेले, पण आजच्या जवळजवळ सर्व माणसांत असलेले आणि प्रथिनांची घडण बदलणारे बदल शोधले, तर ते शंभराच्या आसपासच भरतात. त्यांतल्या बहुतेकांचे काम अजून उलगडलेले नाही. 'माणूसपण' एका अक्षरात सापडेल अशी बातमी वाचली, की शिक्षकाने जरा थांबावे.

तक्त्याचे काय करायचे?

काढून टाकू नका. त्याच्यासमोर एक तास घ्या. चार-पाच ओळींचा उतारा एका मुलाला द्या. त्याने घाईने नक्कल करून दोघांना द्यावी, त्या दोघांनी प्रत्येकी आणखी दोघांना. एका मुलीला अर्धा उतारा एका वहीवरून आणि अर्धा दुसऱ्या घराण्यातल्या वहीवरून उतरवायला सांगा. मग सगळे कागद मिसळून, दुसऱ्या वर्गातल्या मुलांना केवळ चुकांवरून वंशावळ लावू द्या. त्यांना घराणी सापडतील, आणि दोन घराण्यांच्या चुका बाळगणारा तो मिश्र कागदही सापडेल. शेवटी विचारा, "यातला सर्वांत सुधारलेला कागद कोणता?"

मुले गोंधळतील. मग त्यांना भिंतीवरच्या रांगेकडे पुन्हा पाहायला सांगा, आणि ती कशी काढायला हवी होती हे त्यांनाच फळ्यावर काढू द्या. ते चित्र झॅलिंगरच्या चित्राइतके देखणे होणार नाही. पण त्यात उजवीकडे थोडी जागा मोकळी सोडलेली असेल, तर धडा पोचला असे समजावे.